कुंभसाहेबांची झाडं उठवली, त्याची हकीकत

झाडाशी कसं वागावं हे मला कुणी शिकवायला नको, असं मी त्या काळी छाती ठोकून सांगत असे. आमचा पिढीजात मळा. झेंडू, शेवंती, मेथी, वांगी, सगळं नाशिकच्या बाजारात जायचं. शिवाय देवळालीच्या कुंभसाहेबांची बाग माझ्याकडे होती. साहेबांचं खरं नाव कूम. पण आमच्या जिभेला तेवढ्यावर थांबवत नव्हतं.

साहेबांचा जन्म रेल्वेची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला. पेन्शनीत निघाल्यावर बाकीचे गोरे बोटीत बसून मायदेशी गेले, हे राहिले. बाईला इथल्या मातीत पुरलंय, तिला टाकून कसं जायचं, म्हणायचे. मराठी शिकले ती रेल्वेच्या खलाशांकडून आणि माळ्यांकडून, त्यामुळे डोळे मिटून ऐकलं तर वाटे, मोटेवरचा गडी बोलतोय.

बंगल्यामागं सफरचंदाची तीन झाडं होती. थंड मुलखातली जात, आमच्या उन्हात रुसून बसलेली. फळ लिंबाएवढं, आणि आंबट इतकं की वानरं एकदा चावून दुसऱ्यांदा वाटेला जात नसत. पण साहेबांना ती खायची नव्हतीच. त्यांना त्यांच्या गावाकडचं पेय करायचं असे, सायडर. आम्ही त्याला सफरचंदाची आंबील म्हणायचो. झाडांचा माल पुरत नसे, म्हणून रेल्वेनं येणारी डागी सफरचंदंही मिसळायचे. फळं आधी पेंढ्यात घालून मऊ पडू द्यायची, मग लाकडी मुसळानं ठेचायची. चोथ्याचे थर कापडात गुंडाळून एकावर एक रचायचे, आणि वरून मळसूत्राचा दाब हळूहळू पिळायचा. तो दाब आणि रसाचं पिंप सलाउद्दीन मिस्त्रीनं घडवलं होतं. रसाला कुठं खिळा लागू दिला नव्हता, कारण लोखंड लागलं की रस काळा पडतो.

पिंपातला रस पुढं आपोआप फसफसे. साहेब रोज पिंपाला कान लावून बसत. आत बुडबुड्यांची कुजबुज चाललेली असे. तिचं बोलणं संपल्याशिवाय बूच ठोकायचं नाही, असा त्यांचा दंडक होता.

ही गोष्ट बत्तीस-तेहतीस सालची. त्या हिवाळ्यात साहेबांना छातीचा ताप आला आणि त्यांनी अंथरूण धरलं. पिंपावर चिलटं बसायला लागली, म्हणून मीच बूच ठोकून टाकलं. आत अजून थोडी कुजबुज होती, पण म्हटलं, बोलेल बोलेल आणि गप्प बसेल.

संक्रांत झाली आणि साहेबांनी मला उशाशी बोलावलं. त्यांच्या गावात म्हणे या दिवसांत झाडं उठवतात. सायडरीत बुडवलेला पाव फांदीत ठेवायचा, मुळाशी सायडर ओतायची, गाणं म्हणायचं, भांडी बडवायची आणि बंदुकीचा बार काढायचा. म्हणजे झाडं झोपेतून जागी होतात आणि बहर धरतात. दर वर्षी साहेब एकटेच जाऊन हे करून यायचे. आम्ही समजायचो, कोल्हं हाकलतायत.

"यंदा कुणी उठवलं नाय तर झाडं समजतील, म्हातारा गेला," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, साहेब, तुम्ही निवांत पडा, हे काम माझ्याकडे लागलं. त्यांनी मला ते इंग्रजी गाणं शिकवलं. एका दुपारीत मी ते तोंडपाठ केलं. अर्थ कळत नव्हता, पण देवळातल्या संस्कृताचा तरी कुठं कळतो?

अडचण बंदुकीची होती. काळ चळवळीचा, छावणी हाकेच्या अंतरावर. माळ्याच्या हातात बंदूक दिसली तर बागेऐवजी तुरुंगातली भाजी लावायची पाळी. तेव्हा सलाउद्दीननं तोड काढली. त्याचा मेहुणा इनायत जत्रेत आणि उरुसात उखळीचे बार उडवायचा. त्याच्याकडून एक उखळी मागून आणली. लोखंडाचा ठेंगणा नळा तो, त्यात मूठभर दारू ठासायची, वर विटांचा चुरा, आणि लांबून पलिता लावायचा.

दिवेलागणीला आम्ही झाडांखाली जमलो. माझी बायको नवसाबाई पावाला शिवायला तयार नव्हती. पावानं धर्म बुडतो, झाडाचाही बुडेल, असं तिचं म्हणणं. तिनं बाजरीची भाकरी सायडरीत बुडवून फांदीत ठेवली. खोडाला कुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. मी मुळाशी सायडर ओतली, घसा साफ केला, आणि गाणं साफ विसरलो. एक शब्द आठवेना. शेवटी मोटेवरचं गाणं सुरू केलं, बैलांना हाका मारण्यासकट. सलाउद्दीननं परातीवर ठेका धरला. तसं ते बरं जमलं होतं.

मग बार. मी उखळी आधीच ठासून ठेवली होती. सलाउद्दीननंही आल्या आल्या ठासली होती. दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं.

आवाज झाला तेव्हा मला वाटलं, आभाळाचं शिवण उसवलं. बंगल्याची कौलं खाली आली, छावणीतली घोडी खिंकाळली, आणि थोड्याच वेळात चौकीचा जमादार शिपाई घेऊन फाटकातून आत. धुराचा वास, खाली लोखंडी नळा, शेजारी आम्ही दोघं. त्या दिवसांत एवढं पुरे होतं.

"दारू किती होती?" जमादारानं विचारलं.

"मूठभर," मी म्हटलं.

सलाउद्दीन सरळ माणूस. त्याला वाटलं, मुळाशी ओतली तिच्याबद्दल विचारतायत, आणि मी पोलिसांशी खोटं बोलतोय. "मूठभर कशी, भाऊ? पिंपभर आहे. खुद्द साहेबांनी बनवली."

जमादाराचा चेहरा पांढरा पडला. "कुठाय पिंप?"

"व्हरांड्यात. साहेबांच्या खोलीला लागून. रोज जेवताना थोडी घेतात."

हे ऐकून शिपाई दोन पावलं मागं सरले. मी समजावून सांगू लागलो की जमादारसाहेब, ही दारू वेगळी आणि ती दारू वेगळी. पण मी जितका समजावत गेलो तितके शिपाई फाटकाकडे सरकत गेले. जमादार मात्र धीराचा. व्हरांड्यात शिरला, पिंपाशी वाकला, आणि साहेब लावायचे तसाच कान लावला. आत कुजबुज चालू होती.

"वात पेटलेली हाय!" तो ओरडला.

त्याच क्षणी मी ठोकलेलं बूच सुटलं. फाट्कन आवाज झाला. शिपाई पालथे पडले, नवसाबाईनं डोळ्यांवर पदर घेतला, आणि जमादाराच्या अंगावर पागोट्यापासून बुटांपर्यंत सायडरीचा अभिषेक झाला.

जमादारानं ओठ चाटून पाहिले, आणि काय ते त्याला कळलं. पण शिपायांपुढं झालेली फजिती काही पुसता येत नव्हती. त्यानं आमच्या दोघांच्या हाताला दोर लावला आणि साहेबांची जबानी घ्यायला आत नेलं. साहेबांची कौलं फुटली, वर्षाची सायडर सांडली, आणि गाणंही म्हटलं नाही. त्यांनी हात झटकले असते तर आम्ही कुठल्या कुठं गेलो असतो.

साहेब उशीला टेकून बसले होते. दोराकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

"उठली का झाडं?"

जमादारच बोलला, "उठली साहेब. सगळी छावणी उठली."

साहेब हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. सलाउद्दीननं बांधल्या हातांनीच त्यांना पाणी दिलं. मग त्यांनी गाण्याचं विचारलं. मी खरं सांगितलं. ते म्हणाले, मग तेच म्हण. आता हाताला दोर असताना मोटेचं गाणं कसं म्हणायचं? पण म्हटलं. सलाउद्दीननं पलंगाच्या पायावर ठेका दिला. साहेब डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं, ते खोकल्याचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही.

"आमच्या गावातबी शब्द कुणाला येत नव्हते," ते म्हणाले. "बाप तर नुसता हेल काढायचा. असंच वाटायचं ऐकायला."

जमादार इतका वेळ पागोटं पिळत उभा होता. तो हळूच म्हणाला की त्यांच्या सिन्नरकडे झाड फळेना झालं की बाप कुऱ्हाड उगारायचा, आणि आई त्याचा हात धरून म्हणायची, यंदा राहू द्या, पुढच्या साली धरेल. मग त्यानं आमचे दोर सोडले, आणि कौल पडल्याचा आवाज झाला होता, असं सर्वांना बजावून निघून गेला.

झाडांना त्या वर्षी बहर आला का, म्हणाल, तर नेहमीइतकाच. फळं तशीच लिंबाएवढी, तशीच आंबट. साहेब मात्र फाल्गुनात उठून बागेत फिरायला लागले.

पुढच्या संक्रांतीनंतर आम्ही झाडांखाली जमलो, तर जमादार हजर. बंदोबस्ताला आलोय, म्हणाला. आम्ही मान डोलावली. आता बंदोबस्ताला येताना बायकोला सोबत घेऊन आणि घरची परात बगलेत मारून कोण येतं, ते मात्र कुणी विचारलं नाही.