चौपदरी केबलची खंडेनवमी

केबलच्या बाबतीत कोल्हापुरात माझा हात धरणारा कुणी नाही, असं मी २००६ साली छातीठोकपणे सांगत असे. कारण आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मी पुण्याहून चाचणीपुरती इन्फिनिबँडची केबल आणली होती. काय चीज होती म्हणून सांगू! एका कॉम्प्युटरच्या मेमरीतली माहिती थेट दुसऱ्याच्या मेमरीत, मधे प्रोसेसरची झोपही न मोडता. आत चार वाटा, म्हणजे चौपदरी रस्ताच. प्राचार्यांना पटली तर राहणार, नाहीतर परत पुण्याला. दारात बांधलेली दुभती म्हैस परत करायची कल्पनाच मला सहन होत नव्हती.

प्राचार्यांनी बघायला येण्याचा दिवस धरला तो नेमका खंडेनवमीचा. त्यांना आणायला मी खाली गेलो. शिरोळहून आलेले माझे सासरे आकाराम तेवढ्यात लॅबमध्ये शिरले. सकाळीच ट्रॅक्टरची पूजा उरकून आले होते, हातात ताटली तशीच. मी परत येतो तर केबलच्या उघड्या तोंडात ओलं हळदकुंकू!

"मामा, हे काय केलंत?"

"हत्यार हाय न्हवं तुमचं? मग पूजा नको व्हय?"

रुमालानं पुसून, देवाचं नाव घेऊन केबल जोडली. पुराचं पाणी शिरोळात कुठवर चढेल, त्याचं गणित लावलं. चहा निवायच्या आत नकाशा हजर, असं मी आधीच बोलून बसलो होतो. चहा निवला. दुसरा मागवला, तोही निवला. नकाशातलं पाणी अजून नदीकाठीच रेंगाळत होतं.

"बंद पडलं काय?" प्राचार्यांनी विचारलं.

मी स्क्रीनवर नीट पाहिलं आणि मला भरूनच आलं. तीन वाटा कुंकवानं बुजल्या होत्या. पण दोन्ही टोकांनी आपसांत ठरवून चौथीवरून काम चालू ठेवलं होतं, कुणी न सांगता.

"बंद कसलं सर! तीन वाटा गेल्या, तरी एकीवर चालतंय. एवढी जिद्द माणसात सापडायची नाही."

शेवटी नकाशा पुरा झाला, तोही अगदी बिनचूक. प्राचार्य खूश.

"एकाच वाटेवर भागतंय की. मग चौपदरी कशाला? ही पाठवा परत, साधी मागवा."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते शांतपणे उठले आणि ताटलीतलं उरलेलं कुंकू त्यांनी माझ्या ओठांना लावलं.

"पावणं, ह्ये हत्यार ऱ्हायलंच हुतं की."