सरबत मंडळाचे मोकाशी

मोकाशी आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटवर एक काचेची बरणी होती आणि तिला सीटबेल्ट लावलेला होता. मी बाल्कनीतून बघत होते. ते उतरले, गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, दार उघडून बेल्ट काढला आणि तान्हं मूल उचलावं तशी दोन्ही हातांनी बरणी उचलून लिफ्टकडे निघाले. दारात आल्यावर माझा नवरा श्रीकांत माझी ओळख करून देणार, तोच त्यांनी बरणीची ओळख करून दिली.

"ही म्हातारी."

बरणीत गढूळ पाणी होतं. तळाशी आल्याचे तुकडे, वर फेस. वासाबद्दल न बोललेलं बरं.

"वहिनी, झाकण घट्ट लावायचं नाही हं. श्वास घेते ती. रोज चमचाभर साखर आणि थोडं किसलेलं आलं. एक दिवस विसरलात तर रुसते. चार दिवस विसरलात तर खलास." एवढं सांगून त्यांनी ती माझ्या ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी ठेवली. जागा कुणी विचारली नव्हती, मी दिली नव्हती.

तेव्हा आम्ही डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहत होतो. नावात बाग होती, बाकी वाळू. २००८ साल होतं आणि सगळ्या दुबईला आपण फार हुशार आहोत असं वाटत होतं. श्रीकांत, साळवी आणि गद्रे हे तिघे एकाच कन्स्ट्रक्शन कंपनीत वेगवेगळ्या साइट्सवर होते, आणि मोकाशी त्या कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर. म्हणजे इमारत कधी उभी राहील हे ते कॉम्प्युटरवर आडव्या पट्ट्या काढून सांगायचे, आणि ती तेव्हा उभी राहायची नाही. बायको सांगलीला बँकेत. बदली, बढती, मुलीची दहावी, बारावी, इंजिनिअरिंग अशी कारणं होत होत ती कधी आलीच नाही. मोकाशी आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये एका खोलीत राहत, तरी बरणी हिंदकळू नये म्हणून ती गाडीतून आणली होती.

तर या चौघांचं सरबत मंडळ. सुपरमार्केटातून द्राक्षाचा रस आणायचा, साखर घालायची, म्हातारीचं पाणी विरजण म्हणून टाकायचं आणि पिंप आपापल्या बाथरूममध्ये आंबत ठेवायचं. परवान्याच्या दुकानातली बाटली चाळीस दिरहमला, म्हणजे जवळजवळ पाचशे रुपये, असा साळवींचा हिशेब. पण पैशाचं निमित्त होतं. दुकानातली दारू सगळेच पितात, आपण घरी केली, हे सांगण्यात पुरुषांना जी मजा वाटते तीच खरी. बायका रोज घरी स्वयंपाक करतात, त्याचं मंडळ कुणी काढल्याचं मला माहीत नाही. आमच्या मुलीचा, तन्वीचा, अभिप्राय तिने दारातच दिला होता: "अंकल, इट स्टिंक्स." आणि हे सगळं बेकायदा. पकडले गेले असते तर व्हिसा, नोकरी, शाळा, सगळं एका फटक्यात गेलं असतं. मी हे बोलले की मोकाशी म्हणत, "वहिनी, फ्लोट आहे."

फ्लोट म्हणजे कामाच्या वेळापत्रकात हाताशी राखून ठेवलेला जास्तीचा वेळ. हे त्यांनीच मला समजावलं होतं. त्यांच्या मते जगात प्रत्येक गोष्टीला फ्लोट होता. डाळ करपली, फ्लोट आहे. फ्लाइट चुकली, फ्लोट आहे. मात्र कुणी 'इन्शाल्ला', म्हणजे अल्लाची मर्जी असेल तर, असं म्हटलं की चिडायचे. "इन्शाल्ला हा काही प्रोग्रॅम नव्हे!"

विरजणाच्या बाबतीत मात्र हा कॉम्प्युटरवाला माणूस माझ्या सासूबाईंच्या वरताण सोवळा. प्रत्येकाला त्यांनी एकेक बरणी दिली होती; कुणाची मेली की त्याने मोकाशींकडे नवं विरजण मागायला जायचं, पण दिवे लागायच्या आत. एकदा गद्रे ऑफिसमधून तडक, मगरिबची अजान झाल्यावर पोचले. मोकाशींनी त्यांना चहा पाजला, खिचडी खायला घातली आणि विरजण न देता परत पाठवलं. "दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर जात नाही. उद्या सकाळी या." गद्रे सकाळी पुन्हा गेले. पोहे खाऊन आले.

मग त्यांच्या डोक्यात सहल शिरली. उम्म अल क्वैनच्या खाडीत तिवरांमधून कनू, म्हणजे अरुंद होडी, वल्हवत जायचं, वाळूच्या बेटावर तंबू ठोकायचे आणि प्रत्येकाने आपापलं सरबत आणून एकमेकांना चाखायला द्यायचं. जानेवारीतला शुक्रवार, सुट्टीचा आणि थंडीचा. मोकाशींनी प्रोग्रॅम केला. चार रंगांच्या पट्ट्या, फ्रिजवर लावायला प्रत्येकी एक प्रत. भरती कधी, ओहोटी कधी, शेगडी कुणाची, कांदे कोण चिरणार. एका कनूत दोघे, म्हणजे जोड्या. वजन बघून जोड्या लावल्या, तर साळवी आठवडाभर रुसले.

रंगीत तालीम आमच्या हॉलमध्ये झाली. हे चार बाप्ये गालिच्यावर एकामागे एक बसले, हातात माझी केरसुणी, मॉप आणि दोन छत्र्या, आणि मोकाशी "डावं! उजवं! डावं!" ओरडतायत. मॉपच्या दांड्याने माझी फुलदाणी गेली. मोकाशींनी ताबडतोब प्रोग्रॅममध्ये फुलदाणीची लाल पट्टी वाढवली आणि पुढच्या शुक्रवारी नवी आणून दिली. पहिलीपेक्षा कुरूप होती.

सहलीच्या बाटल्या आमच्याकडे ठेवल्या, कारण आमचा फ्रिज मोठा. वाटेत शारजा लागतं, तिथे दारूबंदी, बाटली सापडली तर काही खरं नाही, म्हणून मोकाशींनी प्रत्येक बाटलीवर 'आवळा सरबत' असं सुवाच्य अक्षरात लिहून चिकटवलं. अक्षर इतकं सज्जन की कस्टमवालासुद्धा फसला असता. फसल्या त्या आमच्या ओळखीतल्या बायका. संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. मी वाण वाटत होते आणि साळवीवहिनींनी मदत म्हणून फ्रिज उघडून सगळ्या जणींना आवळा सरबत दिलं. पहिल्या पेल्याला बायकांनी तोंडं वाकडी केली. दुसऱ्या पेल्याला कृती विचारली. त्यानंतर एका आजींनी, ज्या मुलाकडे बाळंतपणासाठी आल्या होत्या, सोफ्यावर बसल्या बसल्या आपल्या सुनेबद्दल जे वाटत होतं ते सुनेसमोरच सांगून टाकलं. त्या घरात अजून बोलणं नाही असं ऐकते.

बाटल्या रिकाम्या. सहल पुढे ढकलली. "सरबत नव्याने आंबवू. महिना लागेल," मोकाशी म्हणाले. "फ्लोट आहे."

नव्हता. तोवर मंदीने क्रेन थांबायला लागल्या होत्या. आधी बातम्यांत, मग दूरच्या साइटवर, मग आमच्या. पहिले साळवी गेले. एचआरने दुपारी बोलावलं, संध्याकाळी लॅपटॉप काढून घेतला. साळवीवहिनी निघताना मोकाशींची बरणी परत करायला गेल्या. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून त्यांनी बरणी घासून पुसून साखर भरून दिली. विरजण सिंकमध्ये ओतलं होतं. मोकाशी "वा वा" म्हणाले, आणि त्याच रात्री जोड्यांचा नवा प्रोग्रॅम केला. मग गद्रेंना पार अबुधाबीपलीकडे रुवैसच्या रिफायनरीत नोकरी मिळाली. नोकरी मिळाली म्हणून आम्ही त्यांना पेढे दिले, पण तिकडून शुक्रवारी येणं अवघड, दोन शुक्रवारांनी फोन येणंही अवघड. त्यांची बरणी चिवडा भरून परत आली. मोकाशींनी पुन्हा प्रोग्रॅम केला. आमच्या फ्रिजवर पट्ट्या कमी होत गेल्या. मला ते बघवेना, पण काढून टाकायचा धीर होईना.

एप्रिलात श्रीकांतला पत्र मिळालं. महिनाभरात गाशा गुंडाळायचा. आणि गंमत बघा, मोकाशींची नोकरी शाबूत राहिली. साइट बंद, माणसं गेली, पण बंद पडलेल्या कामाचं वेळापत्रक दर महिन्याला नव्याने करून मालकाला दाखवावं लागतं म्हणे, नुकसानभरपाईच्या दाव्यांसाठी. ज्यांनी विटेवर वीट ठेवली ते घरी, आणि पट्ट्या काढणारा ऑफिसात एकटा. मला त्यांचा राग आला होता. खोटं कशाला बोलू, भयंकर राग आला होता.

तरी ते आलेच. "श्रीकांत, येत्या शुक्रवारी. रात्रीचा मुक्काम रद्द. सकाळी जाऊन दुपारी परत. वहिनी आणि तन्वीला घ्या, जोड्या पुऱ्या होतात."

मी नाही म्हणणार होते. घरात खोकी उघडी पडली होती, सोफा विकायचा होता. श्रीकांत म्हणाला, "चल ना." पत्र आल्यापासून त्याने मला पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मग गेलो.

श्रीकांत आणि तन्वी एका कनूत, मोकाशी आणि मी दुसरीत. पाण्यात गेल्यावर कळलं की मोकाशींना वल्हवता येत नाही. आम्ही जागच्या जागी गोल फिरत होतो. तन्वी पुढून ओरडली, "मम्मा, यू आर गोइंग बॅकवर्ड्स!" मोकाशी घामाघूम होऊन "डावं, उजवं" करत होते आणि मी मधल्या मधे वल्हं मारत होते. शेवटी बेटाला लागलो ते त्यांच्यामुळे नाही, भरतीमुळे. तेवढं मात्र त्यांच्या प्रोग्रॅममध्ये बरोबर होतं.

वाळूत त्यांनी चटई अंथरली. पिशवीतून पेले काढले, साळवी आणि गद्रे यांचेसुद्धा. सगळे भरले. श्रीकांत आणि तन्वी खेकडे बघायला पुढे गेले. मी पाठमोरी होते, वळून बघितलं तर मोकाशी आपला पेला हळूच वाळूत ओतत होते. माझ्याकडे लक्ष गेलं तसे ओशाळले.

"भाऊजी, बिघडलंय का?"

"छे छे, उत्तम झालंय. मला चालत नाही हो. आम्लपित्त. कधीच चालत नव्हतं."

"कधीच? मग ते शुक्रवारी चव घेऊन सांगायचात ते?"

"वासावरून सांगायचो."

माझं डोकंच फिरलं. वर्षभर माझं बाथरूम नासवलं, माझं कुटुंब तुरुंगाच्या दारात बसवलं. "मग हे सगळं केलंत कशासाठी?"

मोकाशी पेला वाळूने घासत बसले. "वहिनी, नुसतं या म्हटलं तर कोण येतं इथे? सगळ्यांना कामं असतात. बरणी दिली की माणूस विचारायला येतो. फेस आला का, नाही आला तर का नाही. मेली की नवं न्यायला येतो. सकाळी ये म्हटलं की सकाळी परत येतो."

मला गद्रेंची खिचडी आठवली आणि पोहे आठवले. बरणी नसती तर आम्ही या माणसाला घरी बोलावलं असतं का? नसतं. गणपतीत एकदा, फार तर. मी श्रीकांतचा पेला उचलला आणि पिऊन टाकला. आंबट होता, पण वाईट नव्हता.

आम्ही निघालो त्या दिवशी टॅक्सी खाली उभी, सामान चढलेलं. रस्त्यावरचे दिवे लागले होते. मी सकाळीच त्यांची बरणी साखर भरून परत दिली होती, विरजण सिंकमध्ये ओतून, सगळ्यांनी केलं तसंच. तर मोकाशी मागच्या बिल्डिंगमधून लगबगीने आले. हातात म्हातारी. आमच्या घरी आली होती ती हिच्याच चमचाभर पाण्यावर वाढवलेली लेक, नाव तेवढं तेच; ही मूळची मोठी बरणी.

"घेऊन जा. पुण्याला लागेल चांगली."

"अहो भाऊजी, दिवे लागले!"

"लागले," ते म्हणाले. "पण उद्या सकाळी या, असं आता कुणाला सांगू?"

विमानात ही नेता येणार नाही, हे त्यांना ठाऊक नसेल असं मी समजत नाही. ज्यांनी भरती-ओहोटी मांडली त्यांनी एअरपोर्ट मांडला नसेल? श्रीकांतने "थँक्यू मोकाशी" म्हणून त्यांच्या पाठीवर थोपटलं. मी मागच्या सीटवर बसले, बरणी शेजारी ठेवली आणि तिला बेल्ट लावला. ते काचेतून बघत होते. त्यांनी हाताने खूण केली, झाकण सैल ठेवा.

एअरपोर्टवर मी ती बायकांच्या बाथरूममध्ये नेऊन बेसिनमध्ये ओतली. सगळीकडे आल्याचा वास सुटला. साफसफाई करणारी फिलिपिनो मुलगी माझ्याकडे बघत राहिली, कारण मी बरणी धूत होते आणि रडत होते. नोकरी गेली तेव्हा रडले नव्हते.

ती बरणी आता पुण्यात माझ्या फडताळात आहे. आल्या दिवशीच तिच्यात साखर भरून ठेवली, परत करायची तर रिकामी कशी करणार? मोकाशींचा अधूनमधून शुक्रवारी फोन येतो. इमारत अजून अर्धवटच आहे, तिचा प्रोग्रॅम ते अजून करतात. शेवटी न चुकता विचारतात, "म्हातारी कशी आहे?"

"फेस येतो," मी सांगते. "तुम्ही बघायला या एकदा."

"येतो. फ्लोट आहे," मोकाशी म्हणतात. ते येणार नाहीत. पण मला विचारायला तरी त्यांनी फोन करावा, म्हणून मी दर वेळी तेच सांगते.