एकही बुडबुडा नको

सव्वापाचला बायकोचा फोन आला आणि कवळीकाकांच्या हातातली कवळी पडता पडता वाचली. कवळी सासूबाईंची होती. दुपारचं जेवण झाल्याबरोबर काकांनी ती त्यांच्याकडून मागून घेतली होती आणि तेव्हापासून ते तिला पॉलिश करत बसले होते. सासूबाई बिचाऱ्या तोंडावर पदर धरून बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होत्या. दर अर्ध्या तासाने त्या दात कधी मिळणार म्हणून विचारत आणि काका दर अर्ध्या तासाने "झालंच आई" म्हणत.

बायको मोठ्या इस्पितळात नर्स. पुढच्या पाळीची बाई आली नव्हती, त्यामुळे आठच्या आत आपली सुटका नाही, असं तिने एका दमात सांगून टाकलं. सूप सकाळीच तयार करून ठेवलेलं होतं, भाज्या चिरलेल्या होत्या. घोडं अडलं होतं ते ब्रेडपाशी. तो ती येताना आणणार होती, कारण कोपऱ्यावरच्या बेकरीची भट्टी दुरुस्तीला निघाली होती आणि दुसरी बेकरी तिच्या इस्पितळाला लागून होती. पाहुणी तर सातला येणार.

"अहो, हातपाय गाळू नका," ती म्हणाली. "घरीच बन करा. यीस्टबीस्ट काही लागत नाही. दोन वाट्या मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल आणि वाटीभर दही. हलक्या हाताने गोळा करायचा, दहा मिनिटं झाकून ठेवायचा आणि ओव्हनमध्ये टाकायचा. एवढंच. उगाच हात लावत बसू नका त्याला."

काकांनी सगळं कवळीच्या मापाच्या चिठ्ठीवर लिहून घेतलं. हात लावू नका हेसुद्धा लिहिलं. लिहून घेतलेलं वाचतात कुठे लोक.

आता ही पाहुणी कोण ते सांगायला हवं. गावातली नावाजलेली दातांची डॉक्टर. चार खुर्च्यांचा नवा दवाखाना काढत होती आणि तिथल्या सगळ्या कवळ्या, सगळ्या कॅपा एकाच माणसाकडून करून घ्यायच्या असं तिने ठरवलं होतं. एकीकडे होते पुलापलीकडचे मशीनवाले. त्यांच्याकडे दाताचं चित्र संगणकावर काढतात आणि यंत्र तो दात कोरून देतं. दुसरीकडे आपले कवळीकाका. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत एक टेबल, एक दिवा आणि एकतीस वर्षांचा हात. गेल्या वर्षभरात काकांचं काम इतकं कमी झालं होतं की मशीनवाल्यांनीच त्यांना नोकरीला या म्हणून सांगितलं होतं, दात पुसायला आणि डब्यांत भरायला. सोमवारी त्यांना उत्तर द्यायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी होकार दिला तर खोलीतला दिवा चालू राहणार, नाही तर काका वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या हाताखाली डबे भरणार. म्हणून तर त्यांनी तिला घरी जेवायला बोलावलं होतं. काम पाहा आणि आमच्या सासूबाईंच्या तोंडातली कवळीही पाहा, अख्ख्या आयुष्यात याच्यापेक्षा चांगली मी केली नाही, असं ते फोनवर बोलून बसले होते.

तर काका स्वयंपाकघरात शिरले. पण खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटण्याऐवजी चक्क उत्साह चढला होता. पावडर घ्यायची, ओलं घालायचं, कालवायचं, आकार द्यायचा, भट्टीत टाकायचं. अरे, हेच तर आपण जन्मभर करत आलो. बायको एवढी वर्षं स्वयंपाकघराचा दरारा घालून बसली होती आणि आत निघालं काय, तर आपलंच काम.

पहिली अडचण वाटीची. घरात वाट्या पाच आणि पाचही वेगवेगळ्या. वाटी हे माप आहे हेच काकांना पटेना. त्यांनी मागच्या खोलीतून आपला काटा आणला आणि एकेका वाटीत किती मैदा मावतो ते मोजून सरासरी काढली. यात पंचवीस मिनिटं गेली, पण माप असं निघालं की डोळे निवले. मग कपाटातून नवाकोरा रबरी वाडगा काढला. प्लास्टर कालवताना आधी पाणी घ्यायचं आणि वरून पावडर भुरभुरत सोडायची, उलटं केलं की आत हवा कोंडते, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. त्यांनी दही आधी ओतलं आणि वरून मैदा असा सोडला की बघत राहावं.

आणि गोळा होता होता त्यांना तो दिसला. बुडबुडा.

आता तुम्हाआम्हाला बुडबुडा म्हणजे काय, काहीच नाही. पण दातांच्या कामात बुडबुड्याइतका वैरी दुसरा नाही. साच्याच्या प्लास्टरमध्ये मोहरीएवढा बुडबुडा राहिला तर कवळी हिरडीला टोचते, माणूस जेवू शकत नाही आणि दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभा राहतो. काकांनी एकतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून बुडबुडे मारले होते. त्यांनी दात कोरायची बारीक सुई आणली आणि तो फोडला. शेजारी दुसरा आला. तोही फोडला. मग तीन आले. बेकिंग पावडर आणि दही एकमेकांना भेटले होते आणि आता ते काही काकांचं ऐकणार नव्हते.

काकांना तर अंगात आल्यासारखं झालं. बाह्या सरसावून त्यांनी तो गोळा ओट्यावर आपटला, दाबला, घडी घातली, पुन्हा आपटला. हलका हात वगैरे सगळं चिठ्ठीवरच राहिलं. वीस मिनिटं मळूनही बुडबुडे निघतच होते, तेव्हा त्यांनी शेवटचा उपाय काढला. मागच्या खोलीत त्यांचं थरथरणारं यंत्र होतं. प्लास्टरचा साचा त्यावर ठेवायचा, यंत्र थरथरतं आणि आतली हवा वर येऊन फुटते. काकांनी गोळा पुन्हा वाडग्यात घातला, वाडगा त्यावर ठेवला आणि बटण दाबलं.

आवाज ऐकून सासूबाई आल्या. पदराआडून त्यांनी बराच वेळ ते पाहिलं.

"जावईबापू, पीठ का थरथरतंय?"

"हवा काढतोय, आई."

सासूबाईंनी उभ्या जन्मात पिठातली हवा काढताना कोणाला पाहिलं नव्हतं. पण आपल्याला दात देणाऱ्या माणसाला पावडरींतलं कळत असणारच, असा विचार करून त्या परत पेपर वाचायला गेल्या. काका मात्र हरखून गेले होते. शेवटचे बुडबुडे टपटप वर येऊन फुटत होते. मग एकही उरला नाही. गोळा असा गुळगुळीत झाला की त्यात तोंड बघून भांग पाडावा. त्यांनी त्याचे आठ भाग केले, प्रत्येकी बावन्न ग्रॅम, आणि मेण कापायच्या सुरीने आठही इतके सारखे घडवले की कुठला कुठला ते त्यांनाच ओळखू येईना. मग बन ओव्हनमध्ये गेले आणि काका खाली बसून काचेतून आत बघत राहिले.

साडेसहाला बन बाहेर आले. रंग सुरेख सोनेरी, घर वासाने भरून गेलेलं. एकही फुगला नव्हता, याचा काकांना क्षणभर आनंदच झाला. मग त्यांनी एक बोटाने दाबून पाहिला. बोट दुखलं. ओट्यावर टकटक केली तर कोणीतरी दार वाजवल्यासारखा आवाज आला आणि सासूबाई बाहेरून "कोण आहे" म्हणाल्या.

काकांनी एक बन चावायला घेतला आणि जबडा धरून खाली ठेवला. सुरी चालेना. गरम पाण्याच्या वाफेवर धरला तर तो फक्त ओला झाला. घड्याळात पावणेसात. शेवटी त्यांनी ठरवलं की पातळ काप करायचे आणि सूपमध्ये टाकून द्यायचे. सुरीने होत नसेल तर कवळीचा धातूचा सांगाडा कापायची गोल चकती आहेच. बन शिकंज्यात पकडला, डोळ्यांना चष्मा लावला आणि मोटार सुरू केली. चर्रर्र करत पिवळा भुगा उडायला लागला.

डॉक्टरीणबाई दहा मिनिटं आधीच आल्या. सासूबाईंनी पदराआडून दार उघडलं. आतून मोटारीचा आवाज ऐकून पाहुणी खूश झाली. शनिवारच्या संध्याकाळीसुद्धा काम चालू आहे, अशी माणसं राहिलीत कुठे, म्हणत ती सरळ मागच्या खोलीत गेली.

"काका, एवढं काय अर्जंट?"

काकांनी मोटार बंद केली. शिकंज्यात बन होता. तो अंगाने झाकावा तर बाकीचे सात टेबलावर मांडलेले. त्यांनी गडबडीने सांगितलं की एक नमुना आहे, जरा घट्ट झालाय, वेगळ्या पद्धतीने करून पाहत होतो. बाई सकाळपासून खुर्चीशेजारी उभ्या होत्या, दुपारी जेवल्याही नव्हत्या. त्यांना फक्त ताज्या बनाचा वास येत होता. बोलता बोलता त्यांनी टेबलावरचा एक उचलला आणि काकांनी हात पुढे करायच्या आत कचकन चावला.

खोलीत बारीकसा आवाज झाला. बनाचा नव्हता. एकतीस वर्षांच्या कानांना तो बरोबर कळला.

बाई गालावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग रुमालात काहीतरी घेतलं, घडी घातली आणि पर्समध्ये टाकलं. जिच्यावर सगळं अवलंबून, त्या दातांच्या डॉक्टरणीचा दात आपल्याच घरात, आपल्याच हातच्या बनाने. बाई नको नको म्हणेपर्यंत काका माफी मागत राहिले. बाई फक्त "असू दे काका" म्हणाल्या आणि जेवणाच्या टेबलापाशी जाऊन बसल्या. काकांनी कामाचं टेबल रिकामं करायला उरलेले बन एका टोपलीत भरून बाहेर आणले आणि सूप गरम केलं. बाई मान कलती करून एकाच बाजूने सूप पीत होत्या. काकांच्या डोळ्यांसमोर मशीनवाल्यांचे डबे दिसायला लागले होते. एकावर एक, छतापर्यंत.

तेवढ्यात सासूबाईंनी दात मागितले. पाहुण्यांसमोर किती वेळ पदर धरून बसू, भूक लागलीय, असं त्यांचं म्हणणं. काका उठले, पॉलिश केलेली कवळी धुऊन त्यांच्या हातात ठेवली आणि परत येऊन मान खाली घालून बसले. ती दाखवायची आहे हे त्यांच्या लक्षातही राहिलं नव्हतं. सासूबाईंनी पाठ वळवून दात बसवले, खुर्ची ओढली आणि समोरच्या टोपलीतला एक बन घेतला.

कुडुम.

काकांनी मान वर केली. सासूबाई चावत होत्या. कुडुम कुडुम, दोन्ही बाजूंनी, आरामात. सूपला त्यांनी हातही लावला नव्हता. पहिला बन संपला. थोडं मीठ कमी आहे एवढंच म्हणाल्या आणि दुसरा उचलला.

डॉक्टरीणबाईंचा चमचा हवेतच राहिला होता. दुसरा बन अर्धा होईपर्यंत त्या नुसत्या बघत होत्या. मग उठल्या, पर्समधला छोटा टॉर्च काढला आणि सासूबाईंच्या खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसल्या.

"आजी, एवढा घास गिळा आणि जरा आ करा."

आत टॉर्च फिरला. बाईंनी कवळी बोटाने हलवून पाहिली, ती हलली नाही. उजवीकडून दाबली, डावीकडून दाबली. कुठे दुखतं का, किती वर्षं झाली, असं विचारलं. सहा वर्षं, आणि दुखायचं काय त्यात, असं सासूबाईंनी सांगितलं आणि मला जेवू देणार का, हेही विचारलं.

बाई उठून खुर्चीवर बसल्या. पर्समधला रुमाल काढून त्यांनी टेबलावर उलगडला. आत एका कॅपचे दोन तुकडे होते, पांढरे, सुबक, यंत्राने कोरलेले.

"पुलापलीकडच्यांचं काम," त्या म्हणाल्या. "नमुना म्हणून पंधरा दिवसांपूर्वी मी स्वतःलाच बसवून घेतली होती ही कॅप. आयुष्यभर टिकेल म्हणाले होते."

काकांनी हसावं तर पाहुणीचा दात, रडावं तर आनंद पोटात मावत नव्हता. बाईंनीच पुढचं सांगून टाकलं. मंगळवारपासून सगळं काम इकडे येणार, चारही खुर्च्यांचं. आणि सुरुवात आत्ताच, याच दातापासून. माप घ्यायला प्लास्टर आहे ना, असं त्यांनी विचारलं, तेव्हा काका इतक्या जोरात उठले की खुर्ची मागे पडली.

सव्वाआठला बायको धापा टाकत घरी आली. हातात ब्रेडची पिशवी नव्हतीच, तिकडचीही बेकरी बंद झाली होती. घर भुग्याने भरलेलं, मागच्या खोलीत डॉक्टरीणबाई तोंडाचा आ करून बसलेल्या आणि नवरा त्यांच्यावर वाकून गुणगुणत काम करत होता. तिला काही उलगडेना. पण बारा तास उभी राहून आलेली ती बाई, टेबलावर उरलेला सोनेरी बन दिसला आणि तिला बाकी काही सुचलं नाही. तिने तो उचलून तोंडाशी नेला.

सासूबाईंनी झटकन लेकीचं मनगट धरलं.

"थांब बाई," त्या म्हणाल्या. "तुझे खरे आहेत."