दोन-शून्य

म्हस्के काकांचं म्हणणं असं, की मराठवाड्याची कुठलीही फुटबॉल मॅच दोन-शून्यने सुरू झाली पाहिजे. दोन आपले, शून्य समोरच्यांचे. तेही शिट्टी वाजायच्या आधीपासून. का, असं विचारलं की ते एकच शब्द तोंडावर फेकतात, "अनुशेष." सिंचनाचा अनुशेष असतो, रस्त्यांचा असतो, नोकऱ्यांचा असतो, मग गोलांचा काय म्हणून नसावा? हा सवाल ते रेफ्रीच्या छातीला जवळजवळ टेकून करतात. रेफ्री बहुधा कुठल्यातरी शाळेतले पीटीचे सर असतात. ते घड्याळाकडे बघतात.

मग काका माझ्याकडे वळतात. आमचा गुणफलक म्हणजे शाळेतून आणलेला जुना फळा, आणि खडू माझ्या हातात. "बाई, लिवा दोन." मी लिहीत नाही. मी गणित शिकवते. न झालेला गोल फळ्यावर मांडणं मला जमत नाही, हे मी त्यांना दरवेळी सांगते. "गणित शिकवता अन् अनुशेष कळत नाय तुम्हाला," म्हणून ते माझ्यावर भडकतात, मी त्यांच्यावर भडकते, आणि शून्य-शून्यने मॅच सुरू होते. पुढे आम्ही ती हरतो.

या भानगडीत मी पडले ती शेजारामुळे. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. काका एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. काकू गेल्यापासून एकटेच राहतात. संघाच्या जर्सी ते स्वतः धुतात आणि माझ्या दोरीवर वाळत घालतात. एकदा मी तक्रार करायला गेले आणि स्कोअरर होऊन परत आले. सांगताना अजूनही माझा मलाच राग येतो.

जर्सीच्या पाठीवर लिहिलंय, मराठवाडा राष्ट्रीय फुटबॉल संघ. या संघाला जगात कोणाचीही मान्यता नाही. जिल्हा फुटबॉल संघटनेचे लोक म्हणतात, तुमचा क्लब कुठला? राज्याचे म्हणतात, आम्ही जिल्हे ओळखतो, मराठवाडा नावाचं आमच्याकडे काही नाही. एके दिवशी काकांनी फोनवर पाहिलं, की जगात असे कितीतरी मुलूख आहेत ज्यांना कोणी देश म्हणून मोजत नाही, पण त्यांचे फुटबॉलचे संघ आहेत, ते आपापसांत खेळतात, त्यांचा स्वतःचा वर्ल्ड कपही असतो. त्या दिवसापासून काका हाताबाहेर गेले. मी विचारलं, वेगळं राज्य मागताय का? तर म्हणाले, "राज्य नको. राज्य घेतलं की चालवावं लागतं. टीम पाहिजे."

संघात शेंद्र्याच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी पोरं आहेत, बिडकीनची शेतकऱ्यांची आहेत, आणि गोलकीपर रफिक, ज्याचं क्रांती चौकाजवळ टायरचं दुकान आहे. संघात यायला काकांची एकच अट. ज्याच्या घरी नळाला रोज पाणी येतं, तो मराठवाड्याचा नाही. आमच्या शहरात तरी या अटीवर आजवर कोणी नापास झालेलं नाही.

रागाला काकांना कारण लागत नाही, पण बहुतेक वेळा ते असतं, ही खरी अडचण आहे. टीव्हीवर हवामान सांगणारी मुलगी मुंबई, पुणे, कोकण, विदर्भ असं सगळं सांगून शेवटी म्हणाली, उर्वरित महाराष्ट्रात हवामान कोरडे राहील. "उर्वरित" हा शब्द ऐकून काकांनी रिमोट भिंतीवर हाणला. भिंत आमची सामायिक. माझ्या बाजूची गणपतीची तसबीर खाली आली.

दुसरं त्यांचं वेड चहाचं. स्वतः पितातच, चांगला कपभर, सकाळ-संध्याकाळ. पण मैदानावर चहा बंद. खेळाडूंना नाही, बघ्यांना नाही, रेफ्रीला तर मुळीच नाही. एका पाहुण्या मॅनेजरने मॅच चालू असताना थर्मास उघडला, तर काकांनी तो त्याच्या हातातून घेऊन बाभळीच्या बुडाशी रिकामा केला. "मॅच चालू हाय. नजर इकडं ठिवा." तो मॅनेजर परत कधी आला नाही. आम्हाला कोणी खेळायला बोलावत नाही त्याची कारणं अशी आहेत.

काकांची एकच हौस राहिली होती, पश्चिम महाराष्ट्राशी खेळायची. तिकडेही काही जुन्या खेळाडूंनी मिळून आमच्यासारखाच बिनमान्यतेचा संघ काढला होता. काका त्यांना फोन करून भंडावून सोडत होते. शेवटी ते लोक कंटाळले असावेत, कारण हो म्हणाले. काकांनी नळाचं वेळापत्रक बघून तारीख काढली, म्हणजे पाणी आदल्या दिवशी येऊन गेलेलं असेल. पाणी अर्थातच एक दिवस पुढे सरकलं.

पाहुण्यांची गाडी वेळेवर आली. रंगीत जर्सी, नवे बूट, सोबत फिजिओ. आमच्याकडचे सहा जण हजर. बाकीचे आपापल्या घरी मोटर लावून टाक्या भरत होते. रफिक भिजलेल्या पँटनिशीच आला होता. "काका, पानी आया था. अम्मी बोले, पैले टाकी, फिर तेरा वर्ल्ड कप." काकांचा चेहरा काळाठिक्कर पडला. मैदानाच्या मधोमध उभं राहून ते ओरडायला लागले. महापालिकेपासून मंत्रालयापर्यंत कोणी सुटलं नाही. "धरण आपल्या उशाला, अन् नळ कोरडा. अन् हे आले बूट घालून." पाहुणे बिचारे बूट घालूनच येणार ना. पण त्या दिवशी मला काकांचं अगदी पटत होतं. माझीही टाकी घरी रिकामी पडली होती.

पाहुण्यांचे कोच सरनाईक म्हणून होते. काकांच्याच वयाचे, देहाने रुंद, गुडघ्याने लंगडत चालणारे. ते माझ्याजवळ खुर्चीत येऊन बसले. चहा मिळेल का, म्हणाले. इथं मिळत नाही, मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्याकडं रोज पाणी येत न्हाई?" अगदी साधेपणाने विचारलं, म्हणून जास्त झोंबलं. मी म्हटलं, नाही येत, आणि फळ्यावर उगाचच रेघा ओढत बसले.

ते काकांकडे बघत होते. बराच वेळ. मग म्हणाले, "म्हस्के. दिगंबर म्हस्के का ओ?"

मी हो म्हटलं. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते जमिनीकडे बघत सांगितलं. तरुणपणी दोघं पुण्यात राज्याच्या निवडीसाठी होते. सरनाईक गोलात. संध्याकाळी शेवटची लढत लावली, तेव्हा मराठवाड्यातून आलेल्या एका पोराला पहिल्यांदा मैदानात सोडलं. कॅनव्हासचे बूट, तेही फाटके. त्याने सरनाईकांवर दोन गोल केले. निवड करणारे तेव्हा मांडवात चहा घेत होते. नावं त्यांची आधीच ठरली होती. परत येऊन त्यांनी विचारलं, काही विशेष? कोणी काही बोललं नाही.

"मी बी बोललो न्हाई," सरनाईक म्हणाले. "माझं नाव लागलं होतं."

दोन गोल खाल्लेला राज्याकडून खेळला आणि दोन गोल मारलेला एसटीत बसून परत आला. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतेय, काका यातलं अवाक्षर माझ्याशी बोलले नव्हते. मी त्यांना आजवर हट्टी म्हातारा समजत होते. मला त्या मांडवातल्या चहाचा एवढा संताप आला, की खडू मोडला.

तोवर एकेक करत आमची पोरं जमली. काका नेहमीप्रमाणे रेफ्रीकडे गेले. ओरडून घसा बसला होता. "दोन-शून्यपासून," ते म्हणाले. रेफ्रीने घड्याळाकडे बघितलं.

सरनाईक खुर्चीतून उठले. लंगडत मधोमध गेले. "द्या त्यांना दोन," ते रेफ्रीला म्हणाले. "मीच होतो गोलात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा बाई."

मी लिहिलं.

काका त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "दुसरा डाव्या पायानं मारला होता."

"डाव्याच."

"झाले होते म्हणजे," काका म्हणाले. "मला वाटायलं होतं, माझ्याच डोक्यात झाले का काय. बायकोलाबी सांगितलं नाय कधी. कोणी बघितलंच नव्हतं."

"मी बघितले की," सरनाईक म्हणाले.

काकांनी उपरण्याने तोंड पुसलं. मग फळ्याकडे बोट करून म्हणाले, "बाई, पुसा ते. झालं माझं."

मी म्हटलं, पुसणार नाही. न झालेला गोल लिहिणं मला जमत नाही, तसं झालेला गोल पुसणंही जमत नाही. त्यांनी डोळे वटारले. मीही वटारले. शेवटी रेफ्रीनेच शिट्टी वाजवली.

आम्ही हरलो. पाहुण्यांनी चार मारले, आमच्या पोरांनी एकही नाही. फळ्यावर दोन-चार होतं. काका पूर्ण वेळ पोरांवर खेकसत होते, रफिकला तर त्यांनी टायरसकट झोडपलं. पण अनुशेष हा शब्द काही निघाला नाही.

शेवटची शिट्टी झाली तसे ते रफिकला म्हणाले, "जा, चहा सांग. सगळ्याला. पाव्हण्याला पैला दे." पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. चहा आला. दोघे म्हातारे फळ्याखाली मातीत बसून तो प्याले. लई गोड केलाय, म्हणून काकांनी तक्रारही केली.

माझ्यासाठीही कप आला होता. मी तो परत पाठवला. त्यांचं भांडण मिटलं असेल, त्या मांडवातल्या चहाशी माझं आत्ता कुठे सुरू झालं होतं.