गेनबाचा धाकटा कटर

एका जंगलात, बाळांनो, गेनबा नावाचं एक अस्वल राहत होतं. वाऱ्यावादळात पडलेली झाडं कापून वाटा मोकळ्या करायच्या, हा त्याचा धंदा. त्यासाठी त्याच्याकडे एक कटर होता.

कटर म्हणजे काय, ठाऊक आहे ना? तो पेट्रोल पितो, दोरी ओढली की खेकसतो आणि साखळीच्या दातांनी लाकूड खातो. शिकलेले लोक त्याला चेनसॉ म्हणतात. जंगलात झाडं कापायचं यंत्र कशाला, असं मात्र विचारू नका. मोठी माणसंसुद्धा विचारत नाहीत.

गेनबाचा कटर चांगलाच दांडगा होता. गेनबा वाटेच्या वळणाशी पोचायच्या आधी कटरचं पातं वळण घेऊन पुढे गेलेलं असायचं. जाडजूड बुंधा दिसला की कटर खुशीत येई. पण मनगटाएवढी फांदी तोडायची म्हटली की पंचाईत. फांदी तुटायची, शेजारचं झुडूप तुटायचं आणि गेनबाची कंबर धरायची.

एक दिवस त्याची बायको अनुसया म्हणाली, "अहो, सरपणासाठी हा राक्षस कशाला? ह्याच्या जोडीला एक छोटा घ्या की. मलाही उचलता येईल असा."

गेनबाला पटलं. म्हणजे त्याच्या कंबरेला पटलं.

मधाचं एक भरलेलं पोळं पाठीला बांधून तो हसमुखशेठच्या दुकानात गेला. हसमुखशेठ हा तरस. तरस असल्यामुळे तो सारखा हसायचा, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, शेठ आपल्यावर खूश आहे.

"शेठ, एखादा छोटा कटर दाखवा."

शेठने दाखवला. सुबक, हलका. गेनबाने तो एका पंजात धरला, वर नेला, खाली आणला. कंबर चकार शब्द बोलली नाही. गेनबा आता 'हाच बांधा' म्हणणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"पोरांसाठी घेताय का?"

रंगराव गवा पेट्रोल भरायला आला होता. त्याची छाती दुकानाच्या दारापेक्षा रुंद होती, म्हणून तो दारातूनच बोलत असे.

गेनबाचे कान तापले. "छे हो! घरी मोठा आहे. त्याला जोड म्हणून."

"जोड?" रंगरावने मान हलवली. "जोड तोलामोलाची लागते, गेनबा. जोखडाला एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला शेळी, बघितलीत कधी?"

गेनबाने बघितली नव्हती. त्याने कटर हळूच फळीवर ठेवला. जणू तो दुसऱ्याच कुणी उचलला होता.

हसमुखशेठने गिऱ्हाइकाचं तोंड वाचलं आणि तो आतून एक धूड ओढत घेऊन आला. गेनबाच्या घरच्या कटरपेक्षाही ते मोठं होतं.

"पण मला लहान हवा होता," गेनबा म्हणाला.

"मग हाच न्या," शेठ हसला. "हा घरी गेला की तुमचा जुना आपोआप लहान होईल!"

गेनबा विचारात पडला. हिशेबात कुठे चूक सापडेना. शिवाय रंगराव बघत होता. गेनबाने पोळं दिलं, धूड खांद्यावर घेतलं आणि तो कण्हत कण्हत घरी आला.

अनुसया अंगणात होती. तिने वरपासून खालपर्यंत बघितलं. "हा लहान?"

"हा नव्हे," गेनबा जुन्या कटरकडे बोट दाखवून म्हणाला. "तो."

"तो मला उचलता येत नाही."

"आता येईल. आजपासून तो लहान आहे."

अनुसयेने दोन्ही हातांनी जोर केला. कटर जागचा हलला नाही. त्याला बिचाऱ्याला ही बातमी अजून कळली नसावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनबा ओट्यावर दोन्ही कटर पुसत बसला होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवत होता, तेव्हा अनुसया पदराखाली काहीतरी घेऊन आली. कालचाच तो छोटा कटर होता.

गेनबा हबकला. "अगं, शेठ काय म्हणाला?"

"म्हणाला, कालच तर तुमच्या यजमानांनी नेला. मी म्हटलं, त्यांनी मिरवायला नेला. मला कामाला हवाय."

"आणि रंगराव होता का तिथे?"

"नव्हता."

गेनबाला हायसं वाटलं. पण त्याने ताकीद दिली, "हा आपल्या घरात आहे हे बाहेर बोलायचं नाही. आणि चालवायचा तो घरामागे."

त्या दिवसापासून पुढच्या ओट्यावर दोन दांडगे कटर चकाकत उभे राहिले आणि मागच्या परसात छोटा कटर सगळी कामं करू लागला. परसात कुणी नाही असं बघून गेनबाही तो चालवी. त्याची कंबर सुधारली. लोकांना वाटलं, थोरल्या कटरमुळे व्यायाम होतो.

मग एका दुपारी मोठी वावटळ आली. टेकडीवरचा जुना बेहडा मुळासकट आडवा झाला, तो नेमका चंद्राबाई साळिंदरीच्या बिळावर. चंद्राबाई कंदमुळं आणायला गेली होती. पिल्लं आत होती. ती धावत आली तेव्हा बिळाचं तोंड दिसत नव्हतं. नुसत्या फांद्यांची गुंतवळ होती आणि तिच्यामागून चीं चीं ऐकू येत होतं.

"गेनबाला बोलवा!" रंगराव ओरडला. "त्याच्याकडे दोन-दोन आहेत!"

गेनबा थोरला कटर घेऊन आला. सगळं जंगल जमलं होतं. त्याने दोरी ओढली. टेकडी हादरली, पाखरं उडाली, रंगराव अभिमानाने इकडे तिकडे बघू लागला. गेनबाने पातं फांद्यांत घातलं, आणि अख्खा बुंधा थरथरला. भसकन माती बिळात घसरली.

आतलं चीं चीं थांबलं.

चंद्राबाईच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. "बंद करा! अहो, पोरं आहेत आत!"

गेनबाने कटर बंद केला. त्याला कळलं, एवढं लांब पातं त्या गुंतवळीत वळणार नाही. वळलं तरी बुंधा घसरेल. शेठच्या हिशेबाने लहान झालेला जुना कटर आणून काही उपयोग नव्हता. आणि उपयोग कशाचा होईल हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. तो घरामागे होता. पण सगळे बघत होते. रंगराव तर अगदी शेजारी उभा होता.

बाळांनो, गेनबा वाईट नव्हता. तो फक्त थोडा वेळ थांबला. इतका थोडा, की कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या स्वतःच्या मात्र आलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत अनुसया आली. हातात छोटा कटर, उघडाच. पदराखाली नाही.

"लोक बघतायत," गेनबा पुटपुटला.

"बघू देत. आतल्या पिल्लांनी अजून काहीच बघितलेलं नाही."

आतून पुन्हा एक बारीकसं चीं आलं. गेनबाने तिच्या हातून कटर घेतला, पोटावर पडला आणि गुंतवळीत शिरला. अनुसयेने मागून बुंध्याला दगडांचा टेकू लावला. त्याने एक फांदी कापली, हाताने माती मागे सारली, दुसरी कापली. हातातला कटर केवढा आहे, हे त्याला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही. मग त्याचा पंजा काहीतरी टोचलं म्हणून मागे आला. बघतो तो, एक पिल्लू! मातीने माखलेलं, शिंकणारं. त्याच्यामागून उरलेली भावंडंही आली. शेवटचं पिल्लू गेनबाच्या नाकालाच चिकटून बाहेर आलं.

चंद्राबाईने पिल्लांना कवटाळलं. मग तिने गेनबाला आणि अनुसयेलाही कवटाळलं. साळिंदरीने कवटाळलं म्हणजे काय होतं, ते दोघांनी निमूट सोसलं.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी वडाखाली गेनबाचा सत्कार ठरला. रंगराव अध्यक्ष.

"सोबत कटर आणा," त्याने निरोप धाडला.

गेनबा छोटा कटर घेऊन गेला. रंगरावने तो बघितला. "हा? अहो, मागच्यांना दिसायचादेखील नाही. थोरला आणा."

"पण पिल्लं तर ह्यानेच..."

"ते आपल्याला ठाऊक आहे. सभेला शोभेल असं काहीतरी हवं."

थोरला आणला. त्याला शेंदूर लावला, हार घातला. रंगराव तासभर बोलला. एवढा प्रचंड कटर जंगलात होता म्हणून पिल्लं वाचली, असं त्याने ठणकावून सांगितलं. गेनबा उठला आणि म्हणाला, "खरं म्हणजे, मंडळी, आमच्या मंडळींनी..." पण टाळ्या इतक्या पडल्या, की पुढचं त्यालाच ऐकू आलं नाही. तो खाली बसला. सत्काराची शाल उबदार होती.

अनुसया सभेला आलीच नव्हती. चंद्राबाईच्या बिळाला नवी चौकट हवी होती. ती छोटा कटर घेऊन टेकडीवर गेली होती.

सभा सुटली आणि सगळं जंगल हसमुखशेठच्या दुकानावर तुटून पडलं. संध्याकाळच्या आत मोठे कटर संपले. रंगरावने तर आधी बोलून ठेवला होता.

आणि छोटे? तेही संपले. पण ते मागच्या दाराने गेले, गोणपाटात गुंडाळून. शेठने सांगितलं नाही, पण सगळ्यात आधी मागच्या दारात कोण अडकलं होतं, ते त्या दाराची मोडलेली चौकट बघून सगळ्यांना कळलं.

तात्पर्य : काम छोट्याने करावं, हार मोठ्याला घालावा. ज्याला हे साधत नाही, त्याने एकच कटर घ्यावा आणि जन्मभर कंबर चोळत बसावं.