रबरवाले राऊतकाका आणि माझी पुढची पिढी

राऊतकाका कुणाच्याही घरी गेले की आत पाऊल टाकायच्या आधी दारातली चप्पल उचलतात, दुमडतात, चिरा पडल्यात का बघतात आणि म्हणतात, "गेली. ऑक्सिडेशन."

चप्पल, कुकरची रिंग, स्कूटरचं टायर, काही सोडत नाहीत. एकदा आमच्या रिटायर्ड हेडमास्तरांच्या कपाळावरच्या सुरकुत्यांकडे बघूनही तेच म्हणाले. बोईसरच्या एमआयडीसीत काकांची फॅक्टरी रबरात घालायचं अँटिऑक्सिडंट बनवते, रबराला लवकर चिरा पडू नयेत म्हणून. त्यामुळे त्यांच्या मते जगात दोनच गोष्टी आहेत. एक ऑक्सिडेशन, आणि दुसरे ते स्वतः.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी माझ्या मानेत गाठ निघाली. कॅन्सरची. वय तेवीस, लग्न व्हायचंय. बाबा नाहीत, म्हणून मुंबईला डॉक्टरांकडे सोबत कोण, तर शेजारचे राऊतकाका. डॉक्टर म्हणाले, गाठ बरी होईल, पण केमोमुळे पुढे मूल होणं कठीण जाऊ शकतं. मी गार पडलो. काका मात्र खुलले. अखेर त्यांच्या पेपरातला प्रश्न आला होता ना.

"तुला सांगतो, केमो म्हणजे ऑक्सिडेशन. आतलं बियाणंच खराब होतं. आपण आधीच अँटिऑक्सिडंट घालायचं. रबर काय नि माणूस काय, केमिस्ट्री एकच हाय."

दुसऱ्या दिवसापासून आवळ्याचा रस, पेरू, टोमॅटो. आई बिचारी रस गाळून देत राहिली. काकी तेवढी बोलली, "अवो, पोराचं तोंड आंबलं. तो काय टायर हाय?"

काका ऐकतायत कसले. मला स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये घेऊन गेले आणि भर गर्दीत ओरडले, "व्हिटॅमिन ईच्या गोळ्या द्या. याच्या पुढच्या पिढीसाठी पायजेत."

दुकानात त्यांच्या फॅक्टरीतली अर्धी शिफ्ट उभी. संध्याकाळपर्यंत घिवलीपासून माकुणसारपर्यंतच्या गावांत माझी पुढची पिढी चर्चेत. टपरीवर एका अनोळखी कामगाराने माझा हात हातात घेऊन विचारलं, "भैया, सब ठीक है ना?"

केमो सुरू व्हायच्या आधी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. काकांनी थेट त्यांच्या टेबलावर आवळे मांडले.

डॉक्टर म्हणाले, "असे प्रयोग उंदरांवर झालेत. माणसाचं अजून नक्की सांगता येत नाही. उलट केमोचाच जोर कमी व्हायचा. हे सगळं बंद करा."

"पण उंदरांचं काय झालं?"

"काही उंदरांना फायदा झाला."

"बघ," काका माझ्याकडे वळून म्हणाले. जणू मी त्याच घराण्यातला.

मग डॉक्टरांनी खात्रीचा मार्ग सांगितला. केमोआधी लॅबमध्ये जाऊन वीर्य द्यायचं, ते गोठवून ठेवतात. लॅब त्याच रस्त्यावर होती. तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी माझ्या हातात डबी दिली, खोली दाखवली, आणि मी दारातच अडलो.

"मला नाही जमणार काका. घरी जाऊ."

"गाठीला घाबरला नाय, नि डबीला घाबरतोस? जा आत. मी दाराला पाठ लावून उभा राहतो, कोण येत नाय."

गेलो. बऱ्याच वेळाने बाहेर आलो तर दाराशी कुणीच नव्हतं. काका पलीकडे काउंटरवर वाकले होते आणि बाईंशी इतक्या हळू बोलत होते की मी आधी ओळखलंच नाही त्यांना.

"माझ्या वयाच्या माणसाची पण तपासणी होते काय?"

"मूल हवंय का?" बाईंनी विचारलं.

"नाय वो, आता कसलं. बायकोला लग्नापासून फिरवली. डॉक्टर झाले, वैद्य झाले, भगत झाले. लोक तिलाच बोलले. माझं कोणी विचारलं नाय, नि मी पण कदी तपासलं नाय." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दोष माझ्यात निघाला तर बरं होईल. घरी जाऊन तिला सांगता येईल."

मी आवाज न करता परत खोलीत गेलो आणि दार ओढून घेतलं.