खरखरीची दुरुस्ती

लग्नानंतरचे पहिले दोन महिने सासरी एकही चूक न करता काढायचे, असा तिने निश्चय केला होता. आठ आठवडे निभावले. मग एका मंगळवारी सकाळी तिने ॲम्प्लिफायर पुसायला घेतला.

घरात कशालाही हात लावायची तिला मुभा होती. "फक्त एवढं एक राहू दे," नवऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. 'एवढं' म्हणजे बैठकीतला ॲम्प्लिफायर, सीडी प्लेअर, दोन स्पीकर आणि घरातली एकुलती एक सीडी. सीडी एका सिनेमाच्या गाण्यांची होती. सिनेमा तीन दिवसांत उतरला, तो नवऱ्यानेही पाहिलेला नव्हता. पण गाण्यांवर त्याचा जीव. एकीकडे दणदणीत गिटारवाले रॉक बँड, दुसरीकडे कॉम्प्युटरवर आवाज घडवणारी मंडळी, आणि प्रत्येक गाण्यात एकाची दुसऱ्याशी गाठ बांधून दिलेली. (ठरवून झालेल्या लग्नातून आल्यामुळे तिला यावर बोलायला जागा नव्हती.) सासूबाईंच्या हुकमावरून तो ही गाणी हेडफोन लावून, डोळे मिटून ऐके. बाकी कुणाच्या कानावर ती कधी पडलेली नव्हती. "तुला हळूहळू ऐकवीन," तो म्हणे. जसं काही सुरुवातीला अर्धीच गोळी.

फडकं फिरलं तशी ॲम्प्लिफायरची बटणंही फिरली. कुठलं कुठे होतं, आठवेना. सगळं ठीक आहे ना, एवढंच बघावं म्हणून तिने सीडी लावली. काहीच वाजेना, म्हणून ती मिक्सरमधलं वाटण काढायला स्वयंपाकघरात गेली.

मग वाजलं. आधी लोखंडी कपाट जिन्यावरून ओढत न्यावं तसं, आणि पाठोपाठ त्या कपाटालाच उचकी लागावी तसं. हातातला चमचा होता तिथे टाकून ती धावली.

सासरे पेपर घेऊनच आले. त्यांनी तीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं होतं.

"काय केलंस?"

"पुसलं, बाबा."

"नुसतं पुसलं?"

"नुसतं."

त्यांनी कान लावला. "आवाज फाटतोय," ते म्हणाले, आणि मग हळूच, "तो यायच्या आत नीट करू. बोलू नकोस."

"तुमच्या हातून नीट झालेला रेडिओ या घरात एकही नाही," आतून सासूबाई म्हणाल्या.

"घरातल्या रेडिओंना घाई नसते," सासरे म्हणाले आणि त्यांनी पेचकस काढला.

ती टॉर्च धरून बसली. त्यांनी कंडेन्सर बदलला, कथलाचा डाग दिला, सीडी लावली. फाटतच होता. आणखी दोन कंडेन्सर बदलले. चार वाजता आवाज निवळला. आता तोच बँड गादीत गुंडाळून शेजारच्या इमारतीत नेऊन ठेवल्यासारखा वाजत होता. दोन स्क्रू उरले.

"कंपनी जास्तीचे देते," सासरे म्हणाले.

संध्याकाळी नवऱ्याने हेडफोन लावले, काढले, झटकले, पुन्हा लावले. त्याचा चेहरा पडला.

"यातलं काहीतरी गेलंय."

तिला राहवेना. "चूक माझी आहे. मी पुसलं, तर खरखरायला लागलं. मग बाबांनी ती खरखर काढली."

"ती असायलाच हवी होती."

"म्हणजे?" सासऱ्यांनी विचारलं.

"गिटारवाले आवाज मुद्दाम फाडतात, बाबा. मग कॉम्प्युटरवाले त्या फाटलेल्याचे आणखी तुकडे करतात."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

सासरे खुर्चीत टेकले. "तीस वर्षं लोक नेमका हाच आवाज काढून घ्यायला माझ्याकडे यायचे," ते म्हणाले.

म्हणजे सकाळी तिच्या हातून काहीच बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते दुरुस्तीने. पण असलं काही सुनेने बोलायचं नसतं, म्हणून ती मुकाट्याने टॉर्च घेऊन आली.

खरखर काढण्यापेक्षा घालणं अवघड निघालं. जुने कंडेन्सर केराच्या डब्यातून शोधून, पुसून पुन्हा बसवले. शेवटी सर्वांना ऐकू यावं म्हणून दुरुस्तीत सुटे केलेले स्पीकर पुन्हा जोडले. ते स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून होते. सासऱ्यांनी बटण दाबलं.

क्षणभर शांतता. मग घर्रर्र-खट्. जरा थांबून पुन्हा घर्रर्र-खट्.

नवऱ्याचे डोळे आपोआप मिटले. पाय ठेका धरू लागला. "हाच," तो म्हणाला. "याच्यापुढे आता कॉम्प्युटरवाला तुकडे करतो बघा."

घर्र. खट्. खट्.

"सूनबाई," सासरे म्हणाले, "सकाळी नीट ऐकलंय ते तूच. असाच होता ना?"

दुसरी चूक व्हायला नको, म्हणून तिने मान तिरकी करून नीट ऐकलं.

"असाच, बाबा. उलट आता जास्त खुललाय."

आवाज थांबला. सासूबाई दारात आल्या. एका हातात मिक्सरचं भांडं, दुसऱ्या हातात वाकडातिकडा झालेला चमचा. तिघांनी ॲम्प्लिफायरकडे पाहिलं. त्याचा दिवा लागलेलाच नव्हता.

"सकाळच्या वाटणात चमचा कुणी ठेवला होता?" सासूबाईंनी विचारलं.

दोन महिने पुरे व्हायला चार दिवस कमी होते.